पिल्लांचे पाणी

वाऱ्याने दार आपटू नये म्हणून त्याला जे काही टेकवून ठेवले आहे ना मित्रांनो, ते मी. एक जुना रेडिएटर. येणारा-जाणारा मला पायाने सरकवतो, दाराशी नीट बसवतो आणि पुढे जातो. तुमच्या शाळेत छत्रीचे, घड्याळाचे, फाटक्या पुस्तकाचे मनोगत लिहायला सांगतात. रेडिएटरचे कोणी सांगत नाही. त्यामुळे माझे मलाच सांगावे लागते आहे, आणि ते गोड करून सांगण्याची माझी अजिबात इच्छा नाही.

हे दार एका उबवणी केंद्राचे आहे. इथे अंड्यांतून कोंबडीची पिल्ले काढतात, पण कोंबडी म्हणाल तर औषधालाही सापडणार नाही. कपाटाएवढ्या मोठ्या यंत्रांत अंडी ठेवलेली असतात. यंत्र आतली हवा उबदार ठेवते, पंखे ती खेळती ठेवतात आणि ट्रे थोड्या थोड्या वेळाने कलत राहतात, कारण खरी कोंबडीही आपली अंडी चोचीने फिरवत असतेच. वीज गेली की हे सगळे थांबते. म्हणून मागच्या पत्र्याच्या खोलीत एक जनरेटर होता आणि मी त्या जनरेटरचा रेडिएटर होतो. इंजिनातले तापलेले पाणी माझ्याकडे यायचे, माझ्या बारीक नळ्यांतून फिरायचे, पंख्याच्या वाऱ्याने निवायचे आणि परत इंजिनाकडे जायचे. इंजिन आरडाओरडा करून शाबासकी मिळवायचे आणि मी गप्प बसून त्याचा ताप उतरवायचो.

माझा जन्म कारखान्यातला. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ चपट्या नळ्या, त्यांच्यामध्ये घड्या घातलेली जाळी, दोन टोकांना दोन टाक्या, आणि हे सगळे भट्टीत घालून एकजीव केलेले. बाहेर आलो तेव्हा असा चकचकीत होतो की तपासणाऱ्या बाईंनी माझ्या टाकीत बघून आपले केस सारखे केले. मग त्यांनी माझ्या आत हवा भरून मला पाण्यात बुडवले. एकही बुडबुडा वर आला नाही. "हा छान झालाय," त्या शेजारणीला म्हणाल्या. माझे इतके सरळ कौतुक त्यानंतर कोणीही केलेले नाही.

केंद्र चालवणाऱ्या बाईंना सगळेच वहिनी म्हणत. त्यांच्या नवऱ्याने हे केंद्र सुरू केले आणि जम बसायच्या आतच तो आजाराने गेला. मागे उरल्या त्या आणि त्यांचा धाकटा दीर. त्या त्याला भाऊजी म्हणायच्या, म्हणून बाकीचेही भाऊजीच म्हणू लागले. वहिनी अंडी बघायच्या, भाऊजी यंत्रे बघायचे. भाऊजी माझ्याच खोलीला लागून असलेल्या खोपटात झोपायचे आणि दोन्ही वेळ जेवायला वर वहिनींच्या घरी जायचे. वहिनींनी पोळी वाढली की पुरे म्हणण्याचीही त्यांची हिंमत नव्हती, असे कामगार हसून म्हणायचे. हसण्यासारखेच होते ते. पण भावाच्या माघारी या बाईचा संसार उभा राहावा म्हणून स्वतःच्या लग्नाचा विषयसुद्धा न काढणारा माणूस होता तो, हे हसणाऱ्यांनाही ठाऊक होते.

वहिनींचे एकच वेड होते, स्वच्छता. नवरा गेला त्याच वर्षी रोग शिरला आणि अख्खी खेप हातची गेली होती. वहिनींनी मेलेली पिल्ले स्वतः खड्ड्यात टाकली. त्या दिवसापासून आवारातल्या निळ्या टाकीत ब्लिचिंग पावडर पडू लागली. पिल्लांना प्यायला तेच पाणी, ट्रे धुवायला तेच, फरशी पुसायला तेच. दारात औषधी पाण्याचे तसराळे, त्यात पाय बुडवल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही. खेप निघायच्या दिवसांत बाहेरच्या माणसाला फाटकाच्या आत येऊ द्यायचे नाही, मग तो कोणी का असेना. वहिनींच्या पदराला, हातांना, केसांनासुद्धा त्या पावडरीचा वास यायचा. त्यानंतर खरोखरच एकदाही रोग आला नाही. बाईंचे हे चुकले असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही.

मला पहिल्यांदा भरले ते चष्मेवाल्या मिस्त्रींनी. त्यांचा चष्मा दोरीने मानेला बांधलेला असायचा. त्यांनी माझ्या तोंडाचे झाकण काढले आणि डब्यातले हिरवे कूलंट नरसाळ्याने सावकाश आत सोडले.

"भाऊजी, हे पाणी नाही हां," मिस्त्री म्हणाले. "औषध आहे. कमी झालं तर हेच तयार मिळतं, हेच घालायचं. अगदीच अडलं तर बॅटरीत घालतो ते पाणी. नळाचं नाही, विहिरीचं नाही. आणि दोन वर्षांनी सगळं काढून टाकायचं, नवीन भरायचं."

"नीट दिसत असलं तरी?"

"दिसण्यावर जाऊ नका."

भाऊजींनी मान डोलावली. मान डोलावणे त्यांना फार छान जमायचे.

आता जे सांगतो ते जरा लक्ष देऊन ऐका. आम्हा अ‍ॅल्युमिनियमच्या वस्तूंना जन्मतःच अंगावर एक अगदी पातळ कातडी असते. हवा लागली की ती आपोआप धरते आणि कुठे खरचटले तर पुन्हा भरूनही येते. हवेत आमचे त्यावर भागते. पण आतून तासन्‌तास उकळते पाणी फिरायला लागले की ती कातडी पुरत नाही, झिजत जाते. कूलंटमध्ये जी पूरक द्रव्ये मिसळलेली असतात ती इथे कामाला येतात. त्यांतले एक माझ्या आतल्या प्रत्येक नळीवर पसरले आणि दुधावर साय धरावी तसे धरून बसले. त्या थराखाली गरम पाण्याचा आणि माझा स्पर्शच तुटला. दुसरे एक असे होते की ते सगळीकडे पसरायचे नाही. कुठे थर विरळ झाला, टोचणी लागली, की नेमके तिथे जाऊन बसायचे आणि जखम झाकायचे. तिसऱ्याचे काम पाण्याचा आंबटपणा मारण्याचे. कूलंट वर्षानुवर्षे तापत राहिले की हळूहळू आंबते, त्यात आम्ल तयार होते, आणि आम्ल मला खाते. हे तिसरे ते आम्ल तयार होईल तसे गिळून टाकायचे. ही मंडळी माझ्या आत राहायला आली त्या पहिल्या वर्षात मला साधे खाजलेसुद्धा नाही.

पण गिळायलाही मर्यादा असते. ही द्रव्ये काम करता करता स्वतः खर्च होतात. आज थोडे, उद्या थोडे, आणि एक दिवस संपतात. रंग मात्र संपत नाही. हिरवा रंग आत टाकलेला असतो तो ओळखू यावा, गळले तर फरशीवर दिसावे, एवढ्याचसाठी. रक्षण करण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. घरातली माणसे कधीच निघून गेलेली असतात आणि दारावर नावाची पाटी तशीच असते, तसा तो रंग. भाऊजी दर आठवड्याला झाकण उघडून आत डोकवायचे आणि म्हणायचे, "हिरवंगार आहे." दोन वर्षे झाली, हिरवेगार होते. त्यानंतरही हिरवेगारच होते. मिस्त्रींनी जे सांगितले ते भाऊजींना आठवत होते, पण हिरवे दिसत असताना चांगले भरलेले औषध ओतून द्यायला त्यांचा हात धजला नाही.

तशातच एका उन्हाळ्यात पातळी खाली गेली. तयार कूलंटचा डबा रिकामा होता, वीज दिवसातून चार वेळा जात होती आणि दुकान लांब. भाऊजी डबा हातात घेऊन दारात घुटमळत होते.

"काय झालं?" वहिनींनी आतून विचारले.

"रेडिएटरला थोडं कमी आहे. मिस्त्री म्हणाले होते बॅटरीचं पाणी..."

"बॅटरीचं कशाला? टाकीतलं घाला की. माझ्या पिल्लांना चालतं ते तुमच्या इंजिनाला चालणार नाही होय?"

"नाही, ते म्हणाले होते नळाचं..."

"नळाचं कुठे आहे ते? नळाच्या पाण्याला आपल्या पाण्याची सर तरी आहे का, भाऊजी?"

भाऊजींनी डबा खाली ठेवला. ज्या पाण्यावर एवढाली नाजूक पिल्ले जगतात, ते पाणी एका धातूच्या डब्याला बाधेल असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. त्यांनी निळ्या टाकीतून लाल प्लॅस्टिकचा मग भरून आणला आणि माझ्या तोंडात ओतला. "उद्या डबा आणतो, मग बदलून टाकू," असे ते मला म्हणाले. ते माझ्याशी बोलायचे, मित्रांनो. माझ्या टाकीवर नखाने टकटक करायचे आणि "काय, बरं आहे ना?" म्हणून विचारायचे. मला तोंड होते, पण ते पाणी घ्यायला. सांगायला नव्हते.

पहिल्या मगाने माझे काही बिघडले नाही. दुसऱ्यानेही नाही. डबा आणायचा राहूनच गेला आणि लाल मग माझ्या शेजारच्या खिळ्याला कायमचा लटकला. नंतर तर वहिनी स्वतःच येता-जाता झाकण उघडून बघायच्या आणि भरायच्या. प्रेमानेच भरायच्या. बाहेर ठिबकलेले फडक्याने टिपून घ्यायच्या.

त्या पाण्यातली पावडर जंतू मारते. त्यासाठीच ती घालतात आणि जंतूंच्या बाबतीत ती आपले काम चोख करते. पण जंतू मारून झाल्यावर तिचा जो खारटपणा मागे उरतो, तो अ‍ॅल्युमिनियमचा वैरी आहे. तो सगळीकडून खात नाही. तो फट शोधतो. ज्या ठिकाणी माझ्यावरची साय विरली होती तिथे तो घुसला, आणि जखमा झाकणारे दुसरे द्रव्य तोवर संपलेले होते. मग तो एकाच जागी खोल खोल जात राहिला, सुईने टोचत राहावे तसा. शिवाय उष्णतेने माझ्यातले पाणी वाफ होऊन उडून जायचे, खार मात्र आतच राहायचा. पातळी खाली गेली की पुन्हा लाल मग. म्हणजे पुन्हा खार. माझी पातळी राखण्यासाठी त्या दोघांनी जितकी काळजी घेतली, तितका मी आतून पोखरत गेलो. त्यातच शेजारच्या गावातल्या पक्ष्यांत रोग आल्याची बातमी आली आणि वहिनींनी टाकीतली पावडर वाढवली.

माझ्या अंगाचे पीठ व्हायला लागले. पांढरे, मऊ पीठ. ते नळ्यांत साचू लागले आणि अर्ध्या नळ्या तुंबल्या. एका सांध्यावर ते बाहेरही उमटले. भाऊजींनी ते बोटाने खरवडले, हुंगले आणि वहिनींना दाखवले.

"चुना असेल पत्र्यावरचा," वहिनी म्हणाल्या. "पुसून घ्या. सगळं कसं लख्ख पाहिजे."

त्यांनी पुसून घेतले. मी लख्ख दिसू लागलो.

मग एक दिवस भाऊजींना फरशीवर हिरवट थेंब दिसले. एक थेंब, थोड्या अंतरावर दुसरा. ते खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. गळती बुजवायची राखाडी लुगदी त्यांनी मळली आणि भोकावर दाबून बसवली. पण त्या लुगदीवर त्यांचा स्वतःचाच भरवसा नव्हता. त्यांनी मिस्त्रींना निरोप पाठवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री फाटकाशी आले.

ही वेळ कोणती होती ते सांगायला हवे. आत अंड्यांची मोठी खेप शेवटच्या टप्प्यात होती. एका मोठ्या कुक्कुटपालन फार्मने ती खास मागवली होती. ही पिल्ले नीट निघाली तर वर्षभराचे काम इथेच येणार होते, आणि ते आले नाही तर केंद्र पुढच्या हंगामापर्यंत टिकणार नव्हते. वहिनी रोज अंडी दिव्यापुढे धरून बघायच्या. आत हलणाऱ्या सावल्या बघून त्यांचा जीव सुपाएवढा व्हायचा. नवऱ्याने लावलेले हे रोप आपल्या हातून जगते की मरते, एवढेच त्यांच्या डोक्यात होते.

"मिस्त्री, तुम्ही आत्ता कुठून आलात?" वहिनींनी फाटक न उघडता विचारले.

"पलीकडच्या शेडवरून. त्यांची मोटर जळाली होती."

"कोंबड्यांच्या शेडवरून?"

"अहो, पाय धुतो, चप्पल इथंच ठेवतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"रागावू नका. पण खेप निघेपर्यंत नाही. चार दिवसांनी या, चहा पाजते."

भाऊजी मागे उभे होते. "वहिनी, गळतंय ते. एकदा बघू द्या की त्यांना," ते म्हणाले. इतक्या वर्षांत वहिनींचा शब्द मोडायचा त्यांनी केलेला हा एकच प्रयत्न.

"तुम्ही बुजवलंत ना? मग चार दिवस निघतील. त्या रोगात पिल्लांचं काय झालं होतं ते विसरलात का तुम्ही?"

भाऊजी विसरले नव्हते. मिस्त्री चष्मा पुसत निघून गेले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी लाइट गेली. पत्रा तापून फुटतो की काय असे ऊन होते. आत अंड्यांना भेगा पडायला लागल्या होत्या, कवचातून चोची टकटक करत होत्या, आणि भिंतीला लागून असल्यामुळे मला त्यांची चिवचिव ऐकू येत होती. पिल्लू बाहेर येण्याच्या वेळी आत सगळ्यात जास्त हवा लागते. पंखे थांबले तर ती गुदमरतात, आपल्याच उबेने तापून मरतात. भाऊजींनी धावत येऊन इंजिन सुरू केले. पंखे पुन्हा फिरू लागले. वहिनींनी खिडकीच्या जाळीतून हात वर करून खूण केली, छान चाललेय.

छान काही चाललेले नव्हते. माझ्या अर्ध्या नळ्या पिठाने तुंबलेल्या, उरलेल्यांतून जेवढे निवेल तेवढे मी निववत होतो. तापमानाचा काटा चढत गेला. मग राखाडी लुगदी सुटली आणि सुईएवढ्या भोकातून उकळती धार उडाली. भोकाशेजारची जागा इतकी पातळ झाली होती की तीही फाटली. माझ्यातले पाणी भराभर फरशीवर वाहू लागले.

"वहिनी! बंद करावं लागेल!" भाऊजी ओरडले.

"नाही! बंद करू नका!" वहिनी आतून धावत आल्या. "भाऊजी, पाया पडते, आत्ता नाही. थोडाच वेळ. निघतायत हो ती!"

बंद केले असते तर इंजिन वाचले असते, पिल्ले गेली असती. चालू ठेवले तर दोन्ही जाणार, हे भाऊजींना कळत होते. पण पाया पडते म्हणणाऱ्या वहिनी त्यांनी आजवर पाहिल्या नव्हत्या. त्यांनी हाताला फडके गुंडाळले आणि माझे झाकण फिरवले. झाकण उडाले. आत कोंडलेल्या वाफेचा लोट मनगटापासून कोपरापर्यंत त्यांचा हात भाजून गेला. माझ्याच तोंडातून गेला तो लोट. ज्या हाताने ते मला रोज टकटक करायचे, तोच हात. त्यांनी तो हात पोटाशी धरला आणि दुसऱ्या हाताने बादली मागितली. वहिनींनी निळ्या टाकीतून बादली भरून आणली आणि दोघांनी मिळून ते गार पाणी लालबुंद तापलेल्या इंजिनावर आणि माझ्यात ओतले. आत कुठेतरी कडकन आवाज झाला. इंजिनाचे वरचे झाकण तडकले होते. इंजिनाने दोन आचके दिले आणि ते थांबले.

इंजिनाबरोबर पंखेही थांबले. दोघांनी यंत्रांची दारे सताड उघडली, ट्रे उचलून झाडाखाली नेले, पुठ्ठ्यांनी वारा घातला. काही पिल्ले वाचली. बाकीच्या अंड्यांतली टकटक हळूहळू कमी होत गेली. वहिनी एकेक अंडे कानाशी धरत होत्या आणि खाली ठेवत होत्या. संध्याकाळी लाइट आली, तेव्हा ती कोणाच्याच कामाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कोणी न अडवता आत आले. त्यांनी मला खोलून उन्हात धरले. माझ्या नळ्यांतून पलीकडचे आभाळ दिसत होते.

"कूलंट कधी बदललं होतं?"

"रंग होता," भाऊजी म्हणाले. त्यांच्या हाताला पांढरी पट्टी होती.

"मी काय सांगितलं होतं, भाऊजी? दिसण्यावर जाऊ नका म्हटलं होतं ना?" मिस्त्रींनी बोटाने पीठ उकरले. "पण नुसतं जुनं झालं म्हणून इतकं खात नाही. वरून पाणी कुठलं घालत होता?"

वहिनी पायरीवर बसल्या होत्या. त्या ताडकन उठल्या. "पाण्याला नाव ठेवू नका, मिस्त्री! या पाण्यावर माझी पिल्लं वाढतात. इतक्या वर्षांत एक पिल्लू रोगानं गेलं नाही. पाण्याचं काय घेऊन बसलात? बदलायचं होतं ते यांनी बदललं नाही, असं सरळ म्हणा ना!"

मिस्त्रींनी भाऊजींकडे बघितले. आता भाऊजींनी एवढेच म्हणायचे होते, की वहिनी, टाकीतले पाणी घालायला तुम्ही सांगितलेत. मी मनातल्या मनात ओरडत होतो, बोला, बोला की हो! भाऊजींनी वहिनींकडे पाहिले. कानाशी अंडी धरून बसलेली ती बाई त्यांनी आदल्या दिवशी पाहिली होती. हे सगळे तिच्याच मगाने झाले, असे तिला सांगायला त्यांची जीभ रेटली नाही.

"माझंच चुकलं," ते म्हणाले.

"तुमच्यावर सोपवलं होतं सगळं," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या भावाचं होतं हे. तुम्हाला एक डबा बदलता आला नाही."

मिस्त्री आपली हत्यारे गोळा करू लागले. दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात पडायचे नाही, असा शहाणा विचार त्यांनी केला असावा. शहाण्या माणसांचा मला तेव्हापासून फार राग येतो.

भाऊजी आठवड्याभराने केंद्र सोडून गेले. कुठल्याशा बेकरीत भट्टी सांभाळायचे काम त्यांना मिळाले होते. वहिनी निरोप द्यायला खाली आल्या नाहीत. वरच्या खिडकीचा पडदा हलला, एवढेच. जाता जाता भाऊजी माझ्यापाशी थांबले. तोवर मी या दाराला टेकवला गेलो होतो. त्यांनी पिशवी खाली ठेवली, बऱ्या हाताने माझ्या टाकीवर टकटक केली, पण बरे आहे ना म्हणून विचारले नाही.

वहिनी हरणाऱ्यातल्या नाहीत. मोठ्या फार्मचे काम गेले ते गेलेच, पण त्यांनी दागिने मोडले आणि दुसरा जनरेटर आणला. जोडणारा माणूस नवखा होता. त्याने भरून दिले आणि तो गेला. आताचे कूलंट गुलाबी आहे. खोलीचे दार उघडे असले की मला इथून नवा रेडिएटर दिसतो. चकचकीत आहे. माझ्यासारखाच अ‍ॅल्युमिनियमचा आहे. त्याच्या आतली साय आत्ता कुठे धरली असेल.

आज सकाळी वहिनींनी त्याचे झाकण उघडून आत बघितले. नव्या यंत्रात अडकलेली हवा निघून गेली की पातळी पहिल्यांदा जरा उतरतेच. त्यांनी इकडे तिकडे बघितले. खोपटाच्या बंद दाराकडेही बघितले. शेवटी त्यांनी खिळ्यावरचा लाल मग काढला आणि निळ्या टाकीवर भरून त्या पुन्हा या दारातून आत आल्या. भरलेला मग त्यांनी नव्या रेडिएटरच्या तोंडाशी धरला.

"भाऊजी असते तर विचारलं असतं, किती घालायचं," त्या म्हणाल्या. ऐकायला माझ्याशिवाय कोणी नव्हते.

मग त्यांनी काठोकाठ भरले, आणि सांडलेले फडक्याने टिपून घेतले.

मित्रांनो, अशा मनोगताच्या शेवटी वस्तूंनी काहीतरी मागायचे असते. मला नीट ठेवा, मला फेकू नका, असे म्हणायचे असते. माझ्यासाठी मला काही नको आहे, माझे आता दारच बरे. पण तुमच्या घरी एखादे यंत्र, एखादे झाड, एखादे माणूस असेल, तर तुमच्याजवळचे सगळ्यात चांगले त्याला देण्याआधी एकदा विचारा की त्याला काय चालते. आणि ज्याच्यावर तुमची माया आहे, त्याचे चुकत असेल, तर गप्प राहून त्याला सांभाळू नका. भाऊजी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याने त्यांचे घर गेले आणि वहिनींना अजून काहीच कळलेले नाही.

तुमच्यापैकी कोणी या बाजूला आलातच, तर तसराळ्यात पाय बुडवा, हात धुवा आणि आत या. वहिनी रागावतील, पण ऐकून घेतील. त्यांना सांगा की पिल्लांचे पाणी पिल्लांनाच द्या. आणि हे सांगायला भाऊजींनाच घेऊन आलात तर फारच बरे. अजून वेळ आहे. एका मगाने काही होत नाही. माझेही पहिल्या मगाने काही बिघडले नव्हते.